तळ्याचा काठ कुणाच्या बापाचा?

(जिंतूरच्या मित्रांसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय, शिव्या तेवढ्या काढल्यात.)



मला पोहता येत नाही. हसा. मुंबईच्या गोदीत काम करतो, धक्क्याच्या कडेला उभा राहून हुकात साखळ्या अडकवतो, खाली काळं पाणी, आणि मला पोहता येत नाही. गँगमधला कोकणातला पोरगा विचारतो, "तुमच्या परभणीत पाणीच नाही का रे?" म्हटलं, आहे की. पूर्णेवर येलदरी आहे, १९६८ सालचं धरण, ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं त्यात. परभणी शहर तेच पाणी पितं. दुधना आहे, खाली गोदावरी आहे. पाणी होतं, उडी मारायला विहीर नव्हती.

खेड्यातलं पोरगं पोहायला विहिरीतच शिकतं. पाठीला डबा बांधायचा, बापानं वरून ढकलायचं. माझ्या आज्याला विहिरीच्या काठाला फिरकू दिलं नाही, म्हणून बाप शिकला नाही. बाप शिकला नाही म्हणून मी शिकलो नाही. आता गावात विहिरीवर कुणी अडवत नाही, असं म्हणतात. बरं. पण माझं पोहणं कुणी परत देणार आहे का?

आता तलावाचं सांगतो. आमच्या गावालगत पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात बांधलेला. आज्जी तेव्हा विशीतली, लेकरू झोळीत टाकून मातीच्या पाट्या वाहायची. खायला सुकडी. हजेरीच्या कागदावर आमच्या वस्तीतल्या बायांचे अंगठे. पाणी साठलं तेव्हा तळ्याला गावठाणाची बाजू आणि वस्तीची बाजू असा फरक आपोआप पडला, तरी काठ मोकळा होता. संध्याकाळी बाया बसायच्या. काम नसताना बसायच्या, हे महत्त्वाचं. आपल्या बाईला पाण्याकडं नुसतं बघत बसलेली कुणी पाहिलीय का? घागर, धुणं, नाहीतर पाटी. तिथं ती नुसती बसायची.

आता त्या काठाला तारेचं कुंपण आहे. सुशोभीकरण झालंय. सिमेंटचा रस्ता, प्लॅस्टिकचं हरीण, फाटक, फाटकात माणूस, माणसाच्या हातात पावतीपुस्तक. माणशी वीस रुपये. कुणी केलं त्याचं नाव इथं घेत नाही. कागद हातात आले की घेऊ. गेल्या दिवाळीला आज्जीला घेऊन गेलो. फाटकातला म्हणाला, दोघांचे चाळीस. आज्जी म्हणाली, "मह्या डोक्यावरून गेली बाबा ही माती." तो बिचारा पगारी माणूस, त्यानं खाली बघितलं. आम्ही पैसे दिले नाहीत, परत आलो.

काहीजण म्हणतील, पोटाचं बोला, जमिनीचं बोला, तळ्याकाठी हवा खायची चैन कशाला? मी उलट विचारतो, महाडला काय झालं होतं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून नाही. त्या पाण्यावाचून आम्ही मरत होतो असं नाही, हे त्यांनीच पुढं डिसेंबरात सांगितलं. इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत, एवढं मांडायला गेले. नगरपालिकेनं तळं खुलं करायचा ठराव १९२४ लाच केला होता, कागदावर. लोक प्रत्यक्ष पाणी प्याले तेव्हा डोकी फुटली, आणि तळं १०८ घागरी ओतून शुद्ध करून घेतलं. मग दिवाणी दावा. तळं आमच्या खाजगी मालकीचं आहे, असंसुद्धा दाव्यात म्हटलं होतं. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं! तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात. मुंबईच्या कौन्सिलचा १९२३ चा बोले ठराव आपल्याला लागूच नव्हता. आपल्याकडं तळं कायद्यानं उघडलं ते संविधानानं. कलम १५ वाचा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, आणि लोकांनी येण्याजाण्याच्या सार्वजनिक जागा. पाणी प्यायची जागा वेगळी लिहिलीय आणि बसाउठायची जागाही लिहिलीय.

पण फसू नका. त्या पावतीवर जात छापलेली नाही. कलम १५ दाखवलं की वीस रुपये गळून पडतील, असं होणार नाही. पाच जणांचं घर म्हणजे शंभर रुपये, आणि रोजानं जाणारा माणूस शंभर रुपये देऊन पाणी बघायला जाणार नाही, हे फाटक बसवणाऱ्याला चांगलं कळतं. म्हणून वाट दुसरी. जमीन कुणाची, हे आधी काढायचं. गट नंबर, सातबारा, भूसंपादनाचा निवाडा, तलाव जिल्हा परिषदेकडं की जलसंधारण खात्याकडं, फाटकाला परवानगी कुणी दिली, वीस रुपये जातात कुठं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयाचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या माणसानं केला तर फुकट. मग ग्रामसभा.

वकील मित्र सुप्रीम कोर्टाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल दाखवतात. गावाची सामाईक जागा, तळं, कुणी गिळलं तर सोडवा, असा तो निकाल. जरूर वापरा. पण डोळे उघडे ठेवून. हीच भाषा उद्या आपल्या गायरानावर फिरेल. भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्या निकालातच आहे, तो परिच्छेद खुणेचा दोरा घालून ठेवा.

आणि मागायचं काय? सिमेंट नाही. मुंबईत पवई तलावाभोवती महापालिका सायकल ट्रॅक करत होती. आयआयटीचे विद्यार्थी आणि पर्यावरणवाले कोर्टात गेले, मे २०२२ मध्ये हायकोर्टानं तो बेकायदेशीर ठरवला, भराव काढायला लावला. तिथं मगरी राहतात, त्यांचाही काठ आहे. आपल्या जवळ सेलू तालुक्यात वालूरच्या बारवेतला गाळ गावकऱ्यांनीच काढला. आपल्याला हवंय ते थोडकं. कुंपण काढा. दोन बाजूंना उतरत्या पायऱ्या, वस्तीच्या बाजूलाही. बायांसाठी संडास. झाडं. उथळ भागाला दोर बांधून सगळ्या पोरापोरींना पोहायला शिकवणारा माणूस. मासेमारीचा ठेका ज्याला असेल त्यानं मासे धरावेत, काठ धरू नये.

गोदीतही भिंत आहे. पासाशिवाय आत सोडत नाहीत, मुंबईची कितीतरी माणसं त्या बाजूचा समुद्र न बघताच मरतात. मला रोज दिसतो, पण हुक हातात असताना.

अर्ज मी लिहून आणलाय, खाली सह्या करा. मंगळवारी मला परत जायचंय, खाडा पडला की मुकादम नाव कापतो. ग्रामसभेला आज्जीला न्यायचं काम इथल्या कुणीतरी घ्या. हजेरीच्या कागदावर अंगठा असलेल्या बायांपैकी आता तीन उरल्यात, तिघींनाही न्या. चालवत नेऊ नका, गाडी करा.