आवळा, हळद आणि परीक्षानळी



हिवाळा आला की दिल्लीच्या बाजारात आवळ्यांचे ढीग लागतात आणि आपल्या घरांतून मोरावळा मुरू लागतो. याच सुमारास ‘अँटिऑक्सिडंट’ असे ठळक छापलेल्या बरण्या दिसतात आणि पालक विचारतात, “बाई, हे मुलांना द्यावे का?”

या शब्दाचा अर्थ शाळेच्या प्रयोगशाळेत पाच मिनिटांत दाखवता येतो. पिष्टाच्या पातळ द्रावणात आयोडीनचा थेंब टाकावा; गडद निळा रंग येतो. मग आवळ्याचा रस थेंबाथेंबाने सोडावा. निळाई नाहीशी होते. रसातील क जीवनसत्त्व आयोडीनला इलेक्ट्रॉन देते व स्वतः ऑक्सिडीकृत होते. हळदीतील कर्क्युमिन व चहातील कॅटेचिने यांच्या अंगीही इलेक्ट्रॉन देण्याचा हा गुण आहे. आवळा आणि हळद चिनी वैद्यकातही आहेत. तेथे हळदीला ‘जियांगहुआंग’ म्हणतात.

मात्र परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत काहींना बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून दिले होते. 1994 साली निष्कर्ष आला : त्या गटात फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता सुमारे 18 टक्क्यांनी अधिक आढळला. (दोष गोळीचा, गाजराचा हलवा निर्धास्त खावा.)

जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत 1995 साली दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, येथल्याच रफी मार्गावरील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे मांडून त्याला आव्हान दिले. 1997 मध्ये ते रद्द झाले. माशेलकर मराठी शाळेत शिकलेले, याचा आपणांस अभिमान आहेच. तथापि त्या निकालाने हे ज्ञान आपल्याकडे पूर्वीपासून होते, एवढेच ठरले. हळद कोणता रोग बरा करते, हा तेथे प्रश्नच नव्हता. अनेकजण या दोन गोष्टींची गल्लत करतात.

म्हणून पालकांना माझे उत्तर असे : आवळा जरूर द्या, लेबलावरच्या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका.

नववीचे विद्यार्थी यंदा ताजा आवळा, खारी बावलीतला सुका आवळा आणि बाटलीतला रस यांचे थेंब मोजणार आहेत. बाटलीवरील घटकांची यादी त्यांनी आधी वाचावी. त्यात सल्फाइट असेल, तर निळा रंग तेही घालवते.