लक्ष्मीबाई टिळक : एका आजीचे सांगणे



मराठीत विद्वान ग्रंथकार पुष्कळ झाले. परंतु पुस्तक उघडताच आपण आजीच्या पुढ्यात जाऊन बसलो आहोत असे वाटावे, अशी लेखिका मला एकच आठवते. त्या म्हणजे ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. त्या पाण्यात बाळपण भिजून गेले. १८८० साली, खेळण्याबागडण्याच्या वयात, नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. टिळक प्रतिभावान कवी, अंतःकरणाचे उदार, पण स्वभावाने तापट आणि लहरी. हाती पैसा टिकत नसे. आणि केव्हा न सांगता घर सोडून निघून जातील याचा नेम नसे. अशा पुरुषाचा संसार करणे म्हणजे वाऱ्यावर दिवा सांभाळणे होते. तो दिवा या बाईने विझू दिला नाही.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबातील स्त्रीवर हा केवढा आघात, याची कल्पना आज करणेही कठीण. पती हयात असून अंतरलेला, पदरी लहान मूल आणि आश्रय नातलगांचा. असे दिवस काढून त्या अखेर मुलासह टिळकांकडे गेल्या. गेल्या तरी पतीचा धर्म लगेच स्वीकारला नाही. सोवळेओवळे संभाळीत, स्वतःशी भांडत, एकेक गाठ आपल्याच हातांनी सोडवीत त्या पुढे सरकल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. त्यांचा निर्णय आपणांस पटो वा न पटो. तो त्यांनी कुणाच्या मागे फरफटत जाऊन घेतला नाही, हे मात्र मान्य करावेच लागते.

यानंतर नगरच्या त्यांच्या घराचे दार कधी पुरते बंद झालेच नाही. ज्या हातांना लहानपणी परक्याचा स्पर्श वर्ज्य होता, त्याच हातांनी त्यांनी कुणाकुणाची अनाथ लेकरे न्हाऊमाखू घातली. मिळकत बेताची, आणि पंगत मात्र रोज मोठी! प्लेगची साथ आली तेव्हा रुग्णांच्या शुश्रूषेस त्या उभ्या राहिल्या. ‘बालकवी’ त्र्यंबक बापूजी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात या कवीचा ऐन तारुण्यात अंत झाला. पुढल्याच वर्षी, १९१९ साली, टिळकही गेले.

एवढे झाल्यावर माणूस कडवट झाला असता, तर कुणी दोष दिला नसता. लक्ष्मीबाई कडवट झाल्या नाहीत. उतारवयात काही वर्षे मुलाच्या संसारात कराचीस राहिल्या, नातवंडांच्या आजी झाल्या. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून देण्याचा आग्रह धरला. शाळेचे तोंड न पाहिलेली, टिळकांच्या हाताखाली कशीबशी अक्षरे गिरवलेली ही स्त्री लिहावयास बसली. आणि चरित्राच्या टिपणांऐवजी मराठीतील एक अपूर्व आत्मचरित्र जन्मास आले. १९३४ साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग निघाला, तेव्हा लेखिकेने पासष्टी ओलांडली होती.

या पुस्तकात वाङ्‌मयीन अलंकार शोधू जाल तर निराश व्हाल. आजी माजघरात भाजी निवडता निवडता जशी बोलते, तसे हे बोलणे आहे. वाक्ये लहान, शब्द घरातले, आणि गोष्ट रंगात आली की मध्येच हसू फुटते. वडिलांच्या सोवळ्याची, पतीच्या संतापाची, स्वतःच्या अडाणीपणाची अशी सर्वांची त्या थट्टा करतात; परंतु त्या थट्टेने कुणालाही ओरखडा उठत नाही. ज्यांनी छळले त्यांनाही या पुस्तकात बसावयास पाट मिळाला आहे. मला वाटते, लक्ष्मीबाईंचे औदार्य आणि त्यांची प्रतिभा ही दोन नव्हतीच. नगरच्या घरात जी पंगत बसत होती, तीच पुढे या पानांत बसली. ज्याला माणूस परका वाटत नाही, त्यालाच तो इतका जिवंत चितारता येतो.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते. ते थोडक्याच अध्यायांवर थांबले. पुढील बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्यांचा देहान्त झाला. ‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद १९५० साली निघाला, आणि १९८९ साली नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’ टिपांसह संपादून वाचकांच्या हाती दिली. आजीचे ऋण नातवाने याहून सुंदर रीतीने कसे फेडावे?

जाता जाता एक विचार मनात येतो. खानदेशात बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचीत आणि घरातली माणसे ती टिपून ठेवीत. १९५१ साली त्या गेल्या. पुत्र सोपानदेवांमुळे १९५२ साली ती गाणी छापून आली आणि महाराष्ट्र चकित झाला. एका घरात मुलाने आईला लिहिते केले, दुसऱ्या घरात मुलाने आईचे शब्द जपले. म्हणून हे धन आपल्या हाती लागले. ज्या घरांत कुणी विचारलेच नाही, तेथल्या किती आज्या आपले सांगणे पदरात बांधून निघून गेल्या असतील!

आपण मुंबई-पुण्यास असा, नागपुरास असा, की बडोदे, इंदूर, कलकत्त्यास. आपल्या घरातही कुणी वृद्ध स्त्री एखाद्या संध्याकाळी सांगण्याच्या मनःस्थितीत असेल. तिला दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत उठू नका.