दोन शिड्या आणि एक गाव

गावच्या शाळेत नाटक बसवायचे ठरले की पहिला प्रश्न येतो पडद्यांचा. राजवाडा कुठून आणायचा, जंगल कुणाकडून रंगवून घ्यायचे, भाडे किती पडेल! हिशेब जुळत नाही आणि कित्येकदा नाटकच राहून जाते. म्हणून आज तुम्हांला एका अमेरिकन नाटकाची गोष्ट सांगतो. त्यात पडदा नाही, देखावा नाही. दोन टेबले, काही खुर्च्या आणि दोन शिड्या, एवढ्यावर सबंध गाव उभे राहते.

नाटकाचे नाव 'अवर टाउन', म्हणजे आपलं गाव. लेखक थॉर्न्टन वाइल्डर. २२ जानेवारी १९३८ रोजी प्रिन्स्टन येथे ते प्रथम रंगभूमीवर आले, ४ फेब्रुवारीला न्यूयॉर्कला लागले, आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

गाव काल्पनिक आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातले ग्रोव्हर्स कॉर्नर्स, वस्ती अवघी २,६४२. आपल्या सूत्रधारासारखा एक गृहस्थ येतो आणि मोकळ्या जागेकडे बोट दाखवून सांगतो, हा हमरस्ता, ते चर्च, हे डॉक्टरांचे घर. देखाव्यावाचून ज्यांचे अडते त्यांच्यासाठी म्हणून वेलींच्या दोन कमानी तेवढ्या येतात! मग सकाळ होते. दूधवाल्याचा घोडा आपल्याला दिसत नाही, बाटल्यांचा किणकिणाट मात्र ऐकू येतो. दोन घरच्या आया, हातात काहीही नसताना, चूल पेटवतात, न्याहारी करतात, शेंगांच्या शिरा काढतात. रात्री जॉर्ज आणि एमिली शिड्यांवर चढून बसतात. झाल्या माडीच्या दोन खिडक्या! गणितातली अडचण विचारता विचारता त्यांचे मन जुळते.

दुसऱ्या अंकात त्यांचे लग्न लागते. तिसऱ्या अंकी कळते की दुसऱ्या बाळंतपणात एमिली गेली. दफनभूमी म्हणजे खुर्च्यांच्या रांगा, आणि त्यांवर शांत बसलेली गेलेली माणसे. एमिलीला एक दिवस पुन्हा जगायला मिळतो. ती आपला बारावा वाढदिवस निवडते. आईने क्षणभर आपल्याकडे नीट पाहावे, एवढेच तिला हवे असते. पण आई न्याहारीच्या गडबडीत! लेकीला ते सोसवत नाही. ती आपण होऊन परत फिरते.

१९४० साली सॅम वुड यांनी यावर चित्रपट काढला. रंगभूमीवरची एमिली, मार्था स्कॉट, हीच चित्रपटातही होती; जॉर्ज झाले विल्यम होल्डन. आता घरे दिसू लागली, चूल दिसू लागली. आणि गंमत पाहा, इथे एमिली मरत नाही! सारे बाळंतिणीचे स्वप्न ठरते. निर्मात्याने हे लेखकावर लादले असेल असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. वाइल्डर यांनी स्वतः पत्राने संमती दिली होती. त्यांचे म्हणणे असे की, रिकाम्या रंगमंचावरची एमिली ही कुणाचीही लेक असते. चित्रपटात ती अगदी जवळची, एकच एक मुलगी होते, आणि मग तिचे मरण उगाच निर्दय वाटते.

लेखकाचा मान राखूनही मला हा बदल पटत नाही. एमिली वाचली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि तिने आईजवळ काय मागितले ते विसरून जातो.

पुढे २००९ साली न्यूयॉर्कच्या बॅरो स्ट्रीट थिएटरमध्ये डेव्हिड क्रोमर यांनी वेगळीच युक्ती केली. सगळे नाटक उघड्या जागेत, नेहमीच्या कपड्यांत. पण एमिली परत जाते त्या वेळी मागचा पडदा सरतो, आणि खरेखुरे स्वयंपाकघर दिसते. चुलीवर बेकन परतल्याचा वास प्रेक्षकांपर्यंत पोचतो. इतका वेळ मनाने पाहिलेली सकाळ अशी अवचित पुढ्यात येते, आणि जिचे ते घर, तिला मात्र तिथे राहता येत नाही.

तर गुरुजी, यंदाच्या स्नेहसंमेलनात पडद्यांचे भाडे परवडले नाही, तर हताश होऊ नका. मुलांना आपल्याच गावची एक सकाळ करायला सांगा. रिकाम्या हातांनी पाणी शेंदायचे, भाकरी थापायची, गुरे सोडायची. पण त्याआधी एक गृहपाठ द्या बरं का: उद्या सकाळी घरी आई काय काय करते, ते नीट बघून या. नाटक बसो न बसो, तेवढे पाहणे तर पदरात पडेल.