पुट हातात, पण बाजार बंद

वलगावहून मी बोलतोय. ऐकता ऐकता वाचणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना जे वऱ्हाडी निघालं ते तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात आमच्या पेढी नदीच्या पुलावर संध्याकाळी उभे होतो. आमच्या आतेभावानं मोबाइल पुढे केला. म्हणे, "दादा, मी पुट घेतला. आता शेअर पडला तं पैसा, नाई पडला तं फक्त प्रीमियम गेला. याच्यात भेव कायचं?"

मी म्हटलं, "आन शेअरचा व्यवहारच बंद झाला तं?"

तो म्हणे, "मंग का होते?"

तोच आजचा विषय.

आधी पुट म्हणजे काय ते दोन वाक्यांत. ठरलेल्या भावानं, ठरलेल्या तारखेला विकायचा हक्क म्हणजे पुट. समजा शेअर ५०० रुपयांवर आहे. तुम्ही ४८० चा पुट १२ रुपयांना घेतला आणि लॉट १,००० चा आहे, तर खिशातून गेले १२,००० रुपये. शेअर ४५० वर आला तर तुमच्या हक्काला किंमत आली. शेअर ५०० च्या वरच राहिला तर १२,००० गेले. इथपर्यंत आतेभाऊ बरोबर आहे.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे बाजार सुरू राहील आणि आपल्याला पाहिजे तेव्हा समोर कोणीतरी घेणारा असेल. ते नेहमी होत नाही. तीन खरे प्रसंग सांगतो, तिन्ही आपल्याच राज्यातले.

पहिला, २४ फेब्रुवारी २०२१. मुंबईचं राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तांत्रिक बिघाडामुळे थांबलं. ते सुरू झालं दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी व्यवहाराची वेळ पाचपर्यंत वाढवली. दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, फेब्रुवारीची मासिक एक्सपायरी होती. म्हणजे ज्याच्या हातात पुट होता त्याचे चार तास गेले, आणि तेही एक्सपायरीच्या आदल्या दिवशीचे. तिकडे बीएसई सुरू होतं, भाव हलत होते. सेन्सेक्स त्या दिवशी १,००० हून जास्त अंकांनी वर बंद झाला. बाजार वर जातोय हे डोळ्यानं दिसतंय, आपला पुट घसरणार हे कळतंय, पण विकता येत नाही. "मी स्टॉपलॉस लावला होता ना," असं कोणी म्हणेल. अरे भाऊ, स्टॉपलॉस ही पण एक ऑर्डरच. एक्सचेंजच थांबलं तर ती ऑर्डर जाणार कुठं?

इथून पहिला धडा घ्या. बाजार थांबतो, पण एक्सपायरीची तारीख थांबत नाही. पुटाची किंमत दिवसागणिक वितळते. बंद बाजारातही ती वितळतच राहते.

दुसरा प्रसंग येस बँकेचा. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेनं बँकेवर निर्बंध आणले, खातेदारांना ५०,००० रुपयांची मर्यादा आली. दुसऱ्या दिवशी शेअर एका दिवसात अर्ध्याहून जास्त पडला. ज्यांच्याकडे पुट होते ते खूश. पण १३ मार्चला पुनर्रचनेची योजना अधिसूचित झाली. तिच्यात एक अट होती. ज्यांच्याकडे १०० किंवा त्याहून जास्त शेअर, त्यांचे ७५ टक्के शेअर ३ वर्षं विकता येणार नाहीत.

आता बघा गंमत. १३ मार्च शुक्रवार होता. पुढच्या मंगळवारपर्यंत शेअर दुपटीहून जास्त वर गेला. ज्यांनी "बँक बुडालीच" म्हणून पुट धरून ठेवले, त्यांचा फायदा हातातून गेला. दुसरी गोष्ट अजून खोल आहे. समजा एखाद्याकडे १,००० शेअर होते आणि त्यांच्या संरक्षणासाठी त्यानं पुट घेतला होता. पुट म्हणतो, "तू ठरल्या भावानं वीक." पण त्याचे ७५० शेअर तर कुलपात! विकायचा हक्क आहे, विकायचा माल मोकळा नाही.

हे का महत्त्वाचं? कारण आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअरच्या ऑप्शनची सेटलमेंट प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. निफ्टीसारख्या निर्देशांकाचं रोखीत भागतं, शेअरचं भागत नाही. एक्सपायरीला तुमचा पुट फायद्यात असेल तर तुम्हाला शेअर द्यावे लागतात. जवळ नसतील तर बाजारातून घ्यावे लागतात. शेअरचा व्यवहारच बंद असेल तर घेणार कुठून? मग लिलाव, दंड, आणि नियमानं ठरेल त्या भावानं हिशेब. म्हणजे अंदाज बरोबर आला, शेअर पडला, आणि तरी खिशाला भोक. "फक्त प्रीमियम जाईल" हे वाक्य इथं खोटं ठरू शकतं.

शेवटच्या चार दिवसांत ब्रोकर जास्तीचं मार्जिन मागतो ते याच कारणानं. तो मेसेज येतो, आपण वाचत नाही. वाचत जा.

तिसरा प्रसंग आपल्या वावरातला, आणि मला सर्वांत जास्त लागलेला. २० डिसेंबर २०२१. आमच्या वलगावसाठी ही तारीख तशीही मोठी. १९५६ साली याच दिवशी गाडगेबाबांनी इथंच, पेढी नदीजवळ देह ठेवला. २०२१ च्या त्या दिवशी बातमी आली की सेबीनं सात शेतमालांचे वायदे-ऑप्शन थांबवले. त्यात आपला सोयाबीन होता, हरभरा होता. सोबत गहू, धान, मोहरी, मूग आणि कच्चं पामतेल. हरभऱ्याचे नवे सौदे तर ऑगस्टपासूनच बंद होते. बंदी आधी एका वर्षाची, मग वाढत वाढत २०२५ मध्ये ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली. तुरीचं तर २००७ मध्येच थांबवलं होतं.

नियम काय होता? नवा सौदा करायचा नाही, असलेला फक्त मोडायचा. ऐकायला सोपं वाटते. पण पुट मोडायचा म्हणजे कोणाला तरी विकायचा. नव्यानं घेणाऱ्याला दार बंद. मग घेईल कोण? फक्त ज्यानं आधी पुट विकलाय तो, त्यालाही बाहेर पडायचं असेल तरच. वीस जण बाजारात होते तिथं दोन राहतात, आणि ते दोघं म्हणतील तो भाव.

आता एका शेतकऱ्याचा विचार करा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या घरात गेलं होतं. नवा माल आला तोवर भाव जवळजवळ निम्म्यावर. असा झटका बसलेल्या माणसाला पुट समजावून सांगणं सोपं होतं. "काका, भाव पडला तरी इतके पक्के, हा हप्ता भरा, पिकाच्या विम्यासारखं समजा." अकोला हे सोयाबीनच्या डिलिव्हरीचं एक केंद्र होतं, म्हणजे गोष्ट काही दूरची नव्हती. आणि नेमकं तेव्हाच हे हत्यार हातातून गेलं. पुढे २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ आणि बाजारात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं गेलं. त्या वर्षी पुट पाहिजे होता, तर तो मिळतच नव्हता.

महागाई रोखायला सरकारनं हे केलं. बरोबर की चूक, त्यावर भांडण होऊ शकते. माझं म्हणणं इतकंच की पुटाला जोखीम दोन. एक भावाची, ती आपण मोजतो. दुसरी दाराची, म्हणजे दार उघडं राहील की नाही, ती कोणी मोजत नाही.

आता कामाचं बोलतो.

एक, शेअरचा पुट घेतला आणि शेअर जवळ नसतील, तर एक्सपायरीच्या आठवड्याआधी बाहेर पडा. "थोडा अजून फायदा" याच्यापायी थांबू नका.

दोन, पुट घ्यायच्या आधी बघा की त्या स्ट्राइकवर रोज किती सौदे होतात. घेणारा-विकणारा विरळ असेल तर बाजार चालू असूनही तुम्ही अडकलेलेच.

तीन, ज्या कंपनीबद्दल चौकशी, निर्बंध, दिवाळखोरी अशा बातम्या आहेत तिचा पुट स्वस्त वाटला तरी सावध राहा. तिथं भाव पडण्याची शक्यता जास्त, तशी व्यवहार थांबण्याचीही जास्त.

चार, कर्ज काढून, किसान क्रेडिट कार्डाचे पैसे फिरवून ऑप्शन घेऊ नका. गाडगेबाबा कीर्तनातून जन्मभर हेच सांगत फिरले की कर्ज काढू नका. सेबीचाच २०२४ चा अभ्यास आहे, तीन वर्षांत १०० पैकी ९३ किरकोळ ट्रेडर तोट्यात. आणि २०२३-२४ मध्ये ट्रेडर लोकांत ४३ टक्के ३० वर्षांच्या आतले. म्हणजे तुम्ही आणि मी.

पाच, घरी सोयाबीन असेल आणि पुट नसेल, तरी हातपाय गाळू नका. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, बाजार समितीत माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजानं. हमीभाव खरेदीची नोंदणी वेळेत करा. आणि सगळा माल एका दिवशी विकू नका.

आतेभावाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. मग म्हणे, "दादा, माह्या पुटाची तारीख परवाची आहे, आन शेअर तं माह्याजवळ एकबी नाई."

मी म्हटलं, "मंग उद्या सकाळी बाजार उघडल्या उघडल्या पयले ते काम कर."

त्यानं केलं. १२ चा पुट ९ ला गेला. ३,००० चा तोटा झाला. त्या रात्री मात्र तो निवांत झोपला म्हणे.

मी सल्लागार नाही, अनुभव आणि नियम सांगणारा तुमच्यातलाच एक. तुमचा पुट कधी असा अडकला असेल तर आवाजी मेसेज पाठवा, पुढच्या भागात घेऊ. येतो मंडळी, जपा!