हसू कोणाचं, हसं कोणाचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विनोदी कार्यक्रम करणाऱ्या एका टीव्हीवरच्या बाईवर शिबिरात भाषण कशासाठी, असं काही जणींना वाटलं असेल. हिंसा, जमीन, आरोग्य हे विषय सोडून हे काय मधेच? पण वस्तीत संध्याकाळची बैठक ठरवताना आपण टीव्हीवरच्या कार्यक्रमांची वेळ बघूनच ठरवतो ना? बायका दिवसभर राबून जे अर्धा तास बघतात, त्याकडे पाठ फिरवून त्यांच्याशी बोलता येत नाही. आणि भारती सिंह हे नाव माहीत नाही अशी बाई वस्तीत शोधून सापडणार नाही.

आधी तिची हकिकत थोडक्यात सांगते. भारतीचा जन्म १९८४ चा, अमृतसरचा. ती दोन वर्षांची असताना वडील गेले. तीन मुलं पदरात, जवळ काही नाही, अशी आई मागे राहिली. आईने लोकांच्या घरी स्वयंपाक केला, घरी मशीनवर ओढण्या शिवल्या. भावंडं ब्लँकेटच्या कारखान्यात कामाला लागली. घरात मशीनचा आवाज कधी थांबायचा नाही, मिठाबरोबर पोळी खाऊन दिवस काढले, असं भारतीने मुलाखतींतून सांगितलं आहे. ती नेमबाजी करायची. सरावाला येणाऱ्या मुलींना खाण्यापिण्याची कुपनं मिळत. ही मुलगी एका कुपनाचा फळांचा रस पिऊन सराव करी आणि बाकीची कुपनं साठवून महिन्याच्या शेवटी घरच्यांसाठी फळं नेई. मुलींच्या खुराकाचा प्रश्न आपण अहवालांत मांडतो, तो इथे एका आठवणीत आला आहे.

अमृतसरमध्येच ती नाटकांत, स्टेजवर कामं करू लागली. २००८ मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'च्या चौथ्या पर्वात ती आली. तोपर्यंत हा कार्यक्रम जवळजवळ पुरुषांचाच होता. माईक हातात घेऊन एकट्याने उभं राहायचं आणि समोरच्यांना हसवायचं, हे बाईचं कामच नव्हे अशी समजूत होती. भारती तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. तिथली तिची 'लल्ली', म्हणजे फ्रॉकमधली आगाऊ पोरगी, घराघरात पोचली. पुढे 'कॉमेडी सर्कस', 'झलक दिखला जा', 'इंडियाज गॉट टॅलेंट'चं सूत्रसंचालन अशी एकामागून एक कामं मिळत गेली. हिंदी वाहिन्यांवर एवढी वर्षं टिकलेली दुसरी विनोदी बाई पटकन आठवत नाही.

आता माझा मुद्दा. भारतीच्या विनोदाचं भांडवल काय होतं? तिचं शरीर. तिच्या जाडेपणावर तिने स्वतः केलेले आणि बरोबरच्या पुरुषांनी केलेले विनोद आपण वर्षानुवर्षं ऐकले. हे नवीन नाही. उमादेवी खत्री यांनी १९४७ च्या 'दर्द' चित्रपटात गायलेली गाणी देशभर गाजली होती. पण पुढे त्या 'टुणटुण' म्हणून ओळखल्या गेल्या आणि गाणारा गळा मागे पडून अंगच तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. कित्येक शाळांत जाड मुलीला 'टुणटुण' म्हणून चिडवलं गेलं. एका कलावतीचं नाव शिवी म्हणून वापरलं गेलं, म्हणजे विनोद पडद्यावर संपत नाही, तो आपल्या पोरींच्या अंगावर येतो.

मग भारतीने असा विनोद करून बायकांचं नुकसान केलं, असं म्हणायचं का? काही मैत्रिणी तसं म्हणतात. मला ते इतकं सोपं वाटत नाही. आपल्या बैठकांत बघा. गटाचा फोटो काढायचा म्हटलं की एखादी जाड बाई स्वतःच म्हणते, "मी मागे उभी राहते गं, नाहीतर बाकीच्या दिसायच्या नाहीत." सगळ्या हसतात. ती का म्हणते? कारण दुसरं कोणी म्हणायच्या आत आपणच म्हटलेलं बरं. घाव बसणारच आहे, तर निदान हत्यार आपल्या हातात असू दे. गरीब घरातली, ओळखपाळख नसलेली, टीव्हीला हवी तशी 'देखणी' नसलेली मुलगी जेव्हा त्या दारात उभी राहिली, तेव्हा आत येण्याची तिकिटाची किंमत हीच होती. तिने ती मोजली आणि आत जाऊन आपल्या आईचं कर्ज, भाडं, औषधपाणी या सगळ्याची चिंता मिटवली. आपल्याला तिकिटाची किंमत ठरवणाऱ्याला प्रश्न विचारायचा आहे.

तो ठरवणारा कोण, ते बघू. २०१३ मध्ये 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल' सुरू झाला. त्यातली गाजलेली बायकांची पात्रं कोणती? दादी आणि गुत्थी. दोन्ही पुरुषांनी केलेली. आपल्याकडे तमाशातल्या गवळणीत मावशी पुरुषच करतो, 'चला हवा येऊ द्या'मध्येही साडी नेसलेले पुरुष आपण पाहिले. पुरुषाने बाईचं सोंग करावं की नाही, हा माझा वाद नाही. लोककलेत त्याला जुना आधार आहे. पण जिथे बाईचं पात्रही पुरुष करतो, तिथे खऱ्या बाईला काय उरतं? एक तर देखणी, जिच्यावर सगळे लाइन मारतात. नाही तर जाडी, जिच्यापासून सगळे पळतात. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, श्रेया बुगडे यांच्यासारख्या ताकदीच्या अभिनेत्री मराठीत आहेत. त्यांना या दोन खणांच्या बाहेर किती भूमिका लिहून मिळतात, हे कार्यक्रम बघताना मोजून बघा.

२०१६ मध्ये एक घटना घडली. 'कॉमेडी नाइट्स बचाओ' या कार्यक्रमात पाहुण्यांची टर उडवायची, अशी रीत होती. भारती त्याच्या मुख्य चेहऱ्यांपैकी एक. अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी 'पार्च्ड' या चित्रपटाच्या निमित्ताने तिथे गेल्या. चित्रपट ग्रामीण बायकांच्या सोसण्याचा आणि मैत्रीचा. कार्यक्रमात त्यांच्या सावळ्या रंगावर विनोद सुरू झाले. त्या उठून निघून गेल्या आणि याविषयी जाहीर पत्र लिहिलं. रंगाची चेष्टा ही आपल्याकडे जातीशी जोडलेली आहे, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. तनिष्ठांकडे दुसरं काम होतं, लिहायला शब्द होते, म्हणून त्या उठू शकल्या. जिचं घर त्याच कार्यक्रमावर चालतं, ती कशी उठणार? स्वतःवर हसणारी बाई आणि हसं होऊ नाकारणारी बाई, या एकमेकींच्या विरोधात नाहीत. एकीला उठता आलं, दुसरीला बसावं लागलं, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट. २०२२ मध्ये दाढीमिशांवरच्या भारतीच्या एका जुन्या विनोदावरून अमृतसरमध्ये तिच्यावर गुन्हा दाखल झाला. शीख समाजाला दाढी-केसांबद्दल श्रद्धा आहे, त्यांचं मन दुखावलं असेल तर ते समजून घ्यायला हवं. भारतीने हात जोडून माफी मागितली. पण मनात प्रश्न येतोच. बाईच्या पोटावर, रंगावर, चालण्यावर रोज रात्री विनोद होतात, त्याने कोणाच्या भावना दुखावत नाहीत का? आपण गुन्हे दाखल करा म्हणत नाही. विनोदाला पोलिसांच्या हाती देणं धोक्याचं आहे, उद्या तेच आपल्या पथनाट्यावर उलटेल. पण कोणाचा अपमान अपमान म्हणून मोजला जातो आणि कोणाचा करमणूक म्हणून, याची नोंद तरी घेऊ या.

आता कामाच्या जागेकडे येते. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२१ मध्ये एका मुलाखतीत भारतीने सांगितलं की सुरुवातीच्या काळात कार्यक्रमांचे संयोजक अंगाला हात लावायचे, पाठीवरून, कमरेवरून हात फिरवायचे. हे चुकीचं आहे हे तेव्हा कळायचं नाही, बोलायची हिंमत नव्हती. आई बरोबर असायची, तिला लोक सांगायचे, काळजी करू नका, आम्ही आहोत. हे ऐकताना मला आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात, लावणीच्या कार्यक्रमांत, लग्नाच्या सुपाऱ्यांवर जाणाऱ्या मुली आठवतात. यांचं कामाचं ठिकाण म्हणजे रोज नवा मांडव, रोज नवा मालक. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात अशा बायकांसाठी जागा आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. आपल्या जिल्ह्याची समिती कुठे बसते, किती जणींना माहीत आहे? परत गेल्यावर पहिलं काम हे करा.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. ३ एप्रिल २०२२ ला भारतीला मुलगा झाला. गरोदरपणात शेवटपर्यंत तिने सूत्रसंचालन केलं आणि बाळंतपणानंतर बारा दिवसांनी ती कामावर परत आली. पोट लपवून घरी न बसता ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, गरोदर बाईचं थकणं आणि चेष्टामस्करी दोन्ही लोकांना दिसलं, याचं मला कौतुक आहे. बाळाला टाकून आली म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. बापाला तो प्रश्न कोणी विचारला नाही. पण बारा दिवसांचं कौतुक करताना जरा थांबू या. त्या वेळी लागू असलेल्या मातृत्व लाभ कायद्यात, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, पगारी नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा होती आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला कामाला लावायला बंदी होती. २०२५ मध्ये या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या. कंत्राटावर, रोजावर, कार्यक्रमागणिक पैसे मिळवणाऱ्या बाईपर्यंत हे पोचतच नाही. भारतीच्या आईने लोकांच्या घरी स्वयंपाक केला तेव्हा तिलाही रजा नव्हती. एका पिढीत घरकामापासून टीव्हीपर्यंत मजल गेली. पैसा आला, नाव आलं, पण कामावरून पडलेला खाडा तो खाडाच राहिला. लेकीने तो निर्णय स्वतःच्या मर्जीने घेतला असेल, पण वस्तीतल्या बाईला त्याचं उदाहरण देऊन "बघ, ती बारा दिवसांत उठली" असं कोणी म्हणू लागलं, तर आपण ठामपणे नाही म्हणायला हवं.

आपली परंपराही विसरू नका. स्त्रीमुक्तीवाल्या बायकांना हसता येत नाही, असं आपल्याबद्दल नेहमी बोललं जातं. भोंडल्याची गाणी आठवा, त्यात सासरच्या एकेका माणसाची बायकांनी कशी फिरकी घेतली आहे! ज्योती म्हापसेकर यांचं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव झालं, तेव्हा बायका रडल्याही आणि खळखळून हसल्याही. त्या हसण्यात बाईचं शरीर लक्ष्य नव्हतं, हुंडा मागणारा होता. अलीकडे अदिती मित्तलसारख्या बायका स्टँड-अपमध्ये पाळीबद्दल, बाईच्या अंगाबद्दल मोकळेपणी बोलतात. पण ते बरंचसं इंग्रजीत, शहरातल्या तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर. भारती बोलते ती आपल्या आयांना कळेल अशा भाषेत. तिची पोच आणि भोंडल्याची नजर एकत्र आली तर काय होईल, असा विचार माझ्या मनात येतो.

म्हणून एक सुचवते. पुढच्या बैठकीत भारतीच्या किंवा कोणत्याही विनोदी कार्यक्रमाचा एक भाग सगळ्यांनी मिळून पाहा. कोणाला आवडला, कोणाला नाही, यावर वाद घालू नका. तीन गोष्टी फळ्यावर लिहा: किती विनोद बाईच्या अंगावर झाले, किती बाईने केले, आणि किती विनोदांत दारूडा नवरा, सावकार, पुढारी यांची टर उडाली. मग बायकांना म्हणा, आता तुम्ही एक विनोद रचा, पण त्यात स्वतःला नावं ठेवायची नाहीत. सुरुवातीला सगळ्या गप्प बसतील. थोडा धीर धरा. एकीने सुरुवात केली की बाकीच्या थांबणार नाहीत. त्यातलं जे निघेल ते लिहून मासिकाकडे पाठवा.