पुरांत भिजलेलीं छायाचित्रें

सन २०२१ च्या जुलैंत सावित्री महाडांत शिरली. ऊन पाण्याच्या झऱ्यांचें सव गांव याच नदीकांठचें. अशा पुरांत भिजलेलीं छायाचित्रें वाळतांना एकमेकांस चिकटतात. मग ओढतांच जिलेटिनचा थर सुटतो. म्हणून तीं ओलीं असतांनाच थंड, स्वच्छ पाण्यांत विलग करून सावलींत वाळवावींत.

फिल्म हातीं लागली तर भाग्यच! तिच्यावरील रुप्याचें चित्र स्कॅनरनें टिपून इंकजेट यंत्रानें कागदावर उतरवितां येतें. मात्र एकटी काळी शाई पुरत नाहीं. फिकट-गडद करड्या शायाही हव्यात. रंगीत शायांचें मिश्रण केल्यास आजोबांच्या धोतराच्या चुण्यांत हिरवट झांक येण्याचा संभव. शाईही रंगद्रव्याच्या कणांचीच घ्यावी; विरघळणाऱ्या रंगाची स्वस्त पडते, पण पाण्यानें पसरते. मूळ फिल्म माळ्यावर ठेवावी, आणि छापाची एक प्रत पुण्यामुंबईच्या नातलगांकडे.