चिन्हांचा गोंगाट आणि अंध वाचक



कामगार चळवळीतल्या माणसाने इमोजीवर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु सूचनाफलक कोणाला वाचता येतो आणि कोणाला नाही, हा प्रश्न आमचा जुनाच आहे. पूर्वी फलक कारखान्याच्या दरवाजावर लागे. आता तो मोबाइलवर येतो. अंध कामगारापर्यंत तो कसा पोहोचतो, एवढेच आज पाहू.

अंध माणूस मोबाइल वापरतो तो स्क्रीन रीडरच्या आधाराने. हे यंत्र पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिलेला आहे. त्या क्रमांकापुढे तक्त्यात जे नाव असेल, ते उच्चारले जाते. डोळ्यांत पाणी येईतो हसणारा चेहरा आपण क्षणात ओलांडतो. ऐकणाऱ्याला मात्र इंग्रजीत 'फेस विथ टिअर्स ऑफ जॉय' असे पाच शब्द ऐकावे लागतात. सभेच्या वेळेआधी मुठींची माळ लावली, तर वेळ कानी पडण्यापूर्वी ती माळ ओढावी लागते.

याउलटही घडते. तक्त्यात नाव नसेल, किंवा चिन्हे वाचण्याची पातळी कमी ठेवली असेल, तर यंत्र चिन्ह गाळून पुढे जाते. यादीत बरोबरची खूण कोणापुढे आणि फुली कोणापुढे, हेच कळले नाही तर ती यादी कसली?

आता ब्रेल. लुई ब्रेलने १८२९ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या सहा ठिपक्यांतून, कोरे घर धरून, ६४ आकृत्या होतात. संगणकासाठी आठ ठिपके केले, तेव्हा त्या २५६ झाल्या. जगातली हजारो चिन्हे त्यांत मावणार कशी? ब्रेल पट्टीवर बहुधा १४, २० किंवा ४० घरे असतात. त्या हसऱ्या चेहऱ्याचे इंग्रजी नाव अक्षरश: लिहिले, तर जागा धरून २२ घरे जातात. नाव नसेल, तर काही वेळा नुसता संकेतांक उमटतो. जो अंध आहे आणि बहिराही आहे, त्याला या पट्टीवाचून दुसरा मार्ग नाही.

नटवी रोमन अक्षरे हाही असाच प्रकार. ती मुळात गणितासाठी २००१ साली युनिकोडमध्ये आली. नावाला शोभा यावी म्हणून ती वापरली, की यंत्र एकेका अक्षराचे 'गणिती ठळक' असे वर्णन करते, नाही तर गप्प बसते. मराठीत युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवला, तर निरर्थक रोमन अक्षरे ऐकू येतात.

इमोजी बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. अंध माणसालाही थट्टा कळते, आणि तीही चिन्हांतून करावीशी वाटते. आमची मागणी साधी आहे. आधी मजकूर, मग चिन्ह, चिन्ह एकच, वाक्याच्या शेवटी, होकार-नकार शब्दांत, आणि अक्षरे युनिकोडची, साधी. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सुगम असण्याचा हक्क मान्य केला आहे. कायद्याची अंमलबजावणी मालकांकडे मागताना प्रत्येक संघटनेने आपली स्वतःची सूचना एकदा डोळे मिटून, यंत्राकडून ऐकावी. संपाची तारीख सर्वांना एकाच वेळी कळली, तरच तो संप सर्वांचा.